ज्या नावाला वळेल ते नाव

कल्याणला आमच्या पाळणाघरात एक कलेक्टर होती. वय अडीच, नाक कायम वाहतं, आणि वरणभात तोंडापेक्षा केसांना जास्त. शिवाय एक हवालदार होता, एक पावशेर होता, आणि नाना नावाची एक गोरीघारी मुलगी होती. तिचं खरं नाव घरच्यांनी बरेच दिवस शोधून, पत्रिका बघून ठेवलेलं. पण पाळणाघराच्या दारातून आत आली की ती नाना. तिची आई पहिल्यांदा दचकली, मग हसली, आणि पुढे घरीही तिला नानाच म्हणायला लागली.

ही सगळी नावं आत्यांनी ठेवलेली. आत्या म्हणजे पाळणाघराच्या मालकीणबाई. त्या आमच्यापैकी कोणाच्याच आत्या नव्हत्या. नवं मूल आलं की त्याच्या आईला त्या पहिल्याच दिवशी बजावायच्या, "मावशी म्हणायचं नाही, काकू म्हणायचं नाही. मला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे मला आत्या म्हणणारं कोणी जन्मालाच आलं नाही. ते तेवढं तुमच्या पोराने म्हणायचं." आणि बारशाला नाव आत्याने ठेवायचं असतं, हे तर सगळ्यांनाच माहीत. तेव्हा आत्यापद एकदा मिळवल्यावर नाव ठेवण्याचा हक्क त्यांनी आपोआप बजावायला सुरुवात केली.

त्यांची पद्धत पण बघण्यासारखी. मूल रुळलं, खेळात रमलं, की या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाट टाकून बसायच्या, भाजी निवडायच्या आणि निवडता निवडता तोंडाला येईल ते नाव हाकेसारखं सोडायच्या. बटाटा. मास्तर. सोनटक्का. पोस्टमन. ज्या नावाला मूल मान वळवून बघेल ते त्याचं पाळणाघरातलं नाव. "आपण कोण ठरवणार? ज्या नावाला वळेल ते नाव," असं त्या म्हणायच्या. मला त्यांनी 'मोबाईल' नाव ठेवलेलं, कारण मी प्रत्येक गोष्ट मोबाईलवर शोधायचे. मला ते अजिबात आवडलेलं नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी आतून "ए मोबाईल" म्हटलं आणि मी वळले, मग बोलायला जागा उरली नाही.

मी तेव्हा बालवाडीचा कोर्स करून नुकतीच कामाला लागलेले. टिटवाळ्याहून यायचे. आज टिटवाळ्यातच एका नव्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझं स्वतःचं पाळणाघर आहे, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी आत्यांच्या चोरलेल्या आहेत. उदाहरणार्थ, दारासमोरच्या भिंतीवरचं घड्याळ. आत्यांचं घड्याळ चांगलं मागे असायचं. मी पहिल्या आठवड्यात ते बरोबर केलं तर त्यांनी माझ्या हातून सेल काढून घेतला. संध्याकाळी धापा टाकत येणाऱ्या बाईची नजर आधी घड्याळावर जाते, म्हणाल्या, तिला वेळेत आल्यासारखं वाटू दे. सगळ्या आयांना घड्याळाचं गुपित माहीत होतं. तरी आत शिरताना प्रत्येकजण त्याच्याकडे बघायची आणि जरा सैल व्हायची.

आत्या अंगाने भरलेल्या आणि चालण्यात भलत्या चपळ. गुडघे दुखतात म्हणून रोज कुरकुरायच्या आणि रोज धावायच्या. त्यांचा सगळ्यात मोठा तोरा असा, की त्यांच्याकडे मूल रडत नाही. रडायच्या आत मी पोचते, म्हणायच्या. आणि खरंच पोचायच्या. कोणाचे ओठ कोरडे पडले, कोणी पाय एकमेकांवर दाबले, कोणाच्या डोळ्यांत झोप उतरली, हे त्यांना पाठ फिरवून कळायचं. पाणी तोंडाशी, पॉट बुडाशी, उशी डोक्याशी. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणायच्या, खाली पाळणाघर आहे की वाचनालय. आत्या या वाक्यावर दोन दिवस खूश असायच्या.

त्यांचे दोन नियम मात्र कडक होते. एक, घरात पाऊल टाकणाऱ्या मोठ्या माणसाने रिकाम्या हाताने बसायचं नाही. आत्या त्याच्यापुढे काहीतरी सरकवायच्याच, मटार सोला, कोथिंबीर निवडा, मुलांचे मोजे जुळवा. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा पाळणाघराच्या आवाजाची तक्रार घेऊन आले होते, ते लसणाची अख्खी जुडी सोलून, हात हुंगत परत गेले. तक्रार राहूनच गेली. हात रिकामे असले की माणसं भांडतात, असं आत्यांचं मत होतं.

दुसरा नियम दाराचा. "दारात फक्त चपला," असं त्या म्हणायच्या. म्हणजे संध्याकाळी मूल न्यायला आलेल्या आईला दारात काय सांगायचं, तर जेवला, झोपला, आज गाणं म्हटलं. बाकी काही म्हणजे काही नाही. हा नियम एवढा कडक का, ते मला फार उशिरा कळलं, आणि कळलं ते सम्यकमुळे.

सम्यक आला तेव्हा दोन वर्षांचा होता. दाट कुरळे केस, लांब पापण्या, आणि कुठेही बसवा, तिथे तासन्‌तास झाकणं फिरवत बसणारा. डब्यांची झाकणं, बाटल्यांची बुचं, काहीही. त्याची आई ठाण्याला खोपटच्या एसटीच्या ऑफिसात कामाला. बाबा एका खाजगी कंपनीत, पाळ्यांची नोकरी. बहुतेक वेळा तेच त्याला सोडायला यायचे, घाईत, हेल्मेट डोक्यावर तसंच. एकुलता एक, बऱ्याच वर्षांनी झालेला मुलगा. बाबा त्याला सोडताना रोज त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवायचे आणि मग पळायचे.

आत्यांचा त्याच्यावर पहिल्या दिवसापासून जीव. हा तर ऋषी आहे, म्हणायच्या, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. फक्त त्याचं नाव काही ठरेना. पहिला आठवडा गेला, महिना गेला. आत्यांनी भाज्या संपवल्या, धान्यं संपवली, सरकारी खाती संपवली. सम्यक वळेना. मोठा माणूस आहे, स्वस्तातलं नाव पसंत नाही पडत, असं म्हणून आत्या हसायच्या आणि मीही हसायचे. आमच्याकडे तो एक खेळच होऊन बसला. दुपारी आत्या पाटावर बसल्या की मुलं आपणहून गोळा व्हायची, आज सम्यकला कोणतं नाव लागतंय ते बघायला.

एका दुपारी त्यांनी स्टेशनं काढली. शहाड. आंबिवली. टिटवाळा. खडवली. खडवलीला हवालदाराने मान वळवली, तर त्याला म्हणाल्या, तुला आहे रे एक, तू बस गप. आसनगाव. आटगाव. सगळी मुलं खिदळत होती, मी पोट धरून हसत होते. सम्यक आमच्याकडे पाठ करून बसलेला, एक स्टीलचं झाकण फरशीवर गरगर फिरवत. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली आणि तो ताडकन वळला. शिट्टी थांबली तसा परत झाकणाकडे.

आत्यांच्या हातातली पालेभाजी तशीच राहिली. त्यांनी अगदी साध्या आवाजात, "सम्यक" अशी हाक मारली. मग जरा मोठ्याने. मग उठून त्याच्या जवळ जाऊन, मागून. त्याचं स्वतःचं नाव, घरचं, बारशातलं. तो वळला नाही. आत्या तिथेच फरशीवर बसल्या.

"अगं," त्या मला म्हणाल्या, "आपण इतके दिवस हसत होतो."

मी लगेच माझं नाव सार्थ केलं. मोबाईल काढला, चार ठिकाणी वाचलं, आणि एक शब्द सापडला तो आत्यांपुढे धरला. हे बघा आत्या, हेच असणार, सगळं जुळतंय. मी त्यांना वाचून दाखवायला लागले तर त्यांनी पडद्यावर हात ठेवला.

"इथे नावं मी ठेवते," त्या म्हणाल्या. "आणि हे नाव मी ठेवणार नाही. तूही ठेवायचं नाहीस. ते ज्यांचं काम आहे ते तपासून ठेवतील, नाहीतर म्हणतील काही नाही. आपण दिवसभर पोराला बघतो, तर आपण काय बघितलं ते सांगायचं."

मग मी आज संध्याकाळीच त्याच्या बाबांना सांगते म्हटलं, तेव्हा त्यांनी मला दाराची गोष्ट सांगितली. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक मुलगी होती. तिचं नाव त्यांनी चांदणी ठेवलेलं. तीही फार वेगळी वागायची. एका संध्याकाळी, चार आया चपला घालत असताना, आत्यांनी दारातच तिच्या आईला सांगून टाकलं, हिचं काहीतरी निराळं आहे हं, दाखवून घ्या. ती आई लाल झाली. मुलीला उचलून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, नंतर कधीच आली नाही. पुढे एवढंच कळलं की ते कुटुंब अंबरनाथला राहायला गेलं. मुलीला कोणी तपासलं का, तिचं काय झालं, आत्यांना ठाऊक नाही. "मी खरं बोलले गं," त्या म्हणाल्या, "पण खरं बोलून पोर घालवलं." सम्यकच्या बाबतीत त्यांना तीच भीती होती. सांगितलं नाही तर वेळ जाणार, आणि चुकीचं सांगितलं तर मूलच जाणार.

पुढचे काही दिवस आम्ही दोघी नुसत्या बघत होतो. रोज मुलं गेल्यावर आत्या मला विचारायच्या, आज काय पाहिलंस. मी म्हणायचे, हट्टी झालाय. ते तुला वाटलं, त्या म्हणायच्या, पाहिलंस काय ते सांग. मग मी आठवून सांगायचे, की बंद डबा हवा असला की माझं मनगट धरून झाकणावर नेऊन ठेवतो, पण माझ्या तोंडाकडे बघत नाही. इतर मुलं खिडकीतून मांजर दिसलं की बोट दाखवून आपल्याकडे बघतात, तो बोट दाखवत नाही. गाणं लागलं की मात्र जागच्या जागी डोलतो आणि कडवं संपायच्या आधी थांबतो, कधी चुकत नाही. आत्या म्हणायच्या, हे शेवटचं आधी सांगू.

मग त्यांनी सम्यकच्या आईबाबांना शनिवारी दुपारी बोलावलं. दोघांनाही, एकत्र, आणि आत, सतरंजीवर. पुढे भिजवलेल्या, मोड आलेल्या वालांचं पातेलं ठेवलं. बिरड्याचे वाल सोलायचे म्हणजे दाण्याची साल बोटांनी अलगद काढायची, नजर खाली, काम नाजूक. बाबांनी मॅडम, काही सीरियस आहे का, असं विचारलं. आत्या म्हणाल्या, आधी सोला.

त्यांनी गाण्यापासून सुरुवात केली. मग झाकणांचं सांगितलं, मनगटाचं, बोटाचं, आणि शेवटी हाकेचं. कुठेही आवाज चढवला नाही, कुठेही बिच्चारा म्हटलं नाही. मुलं तिथेच खेळत होती. आत्यांनी शांतपणे एकेकाला हाक मारली, कलेक्टर वळली, पावशेर वळला. मग सम्यकला. बाबांनी ते पाहिलं आणि त्यांचे हात थांबले.

"म्हणजे काय झालंय त्याला?"

"मला माहीत नाही," आत्या म्हणाल्या.

"माहीत नाही तर मग सांगताय कशाला?"

"माहीत नाही म्हणूनच सांगते. ज्यांना कळतं त्यांना दाखवा. आधी कान, मग बाकीचं. कदाचित काहीच नसेल. असलं, तर आत्ता कळलेलं बरं."

बाबांचा आवाज मग वाढत गेला. आमच्याकडे सगळे लेटच बोललेत, मी स्वतः चौथ्या वर्षी बोललो, आज बघा किती बोलतो. आमचा मुलगा दिवसभर तुमच्याकडे असतो, तुम्हीच बोलत नसाल त्याच्याशी. असल्या गोष्टी ऐकायला आम्ही इथे पाठवत नाही, दुसरीकडे बघू. त्यांनी वाल पातेल्यात टाकले, सम्यकला उचललं आणि हेल्मेट शोधायला लागले. आई मात्र मान खाली घालून सोलतच होती. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि बोटं चालूच. निघताना ती आत्यांना एवढंच म्हणाली, मला वाटायचं मी दिवसभर नसते म्हणून माझ्याकडे बघत नाही. आत्यांनी तिचा हात ओल्या हातात धरून ठेवला. तुमच्यामुळे नाही, म्हणाल्या, बघत तर तो माझ्याकडेही नाही.

सोमवारी सम्यक आला नाही. मंगळवारीही नाही. आत्यांनी त्याची वाटी रोज घासून मांडीवरच्या फडक्याने पुसली आणि रोज जागेवर ठेवली. दारात पावलं वाजली की आधी त्या घड्याळाकडे बघायच्या, मग दाराकडे. माझ्यावर उगाच खेकसायच्या. मला खात्री होती की संपलं, चांदणीसारखंच झालं. मी तसं म्हणून बसले आणि त्यांनी मला दिवसभराचे सगळ्या मुलांचे मोजे धुवायला लावले.

बुधवारी सकाळी बाबा आले. कडेवर सम्यक. दाढी वाढलेली, हेल्मेट हातात. दारातच उभे राहिले.

"रविवारभर हाका मारल्या आत्या," ते म्हणाले. "किचनमधून मारल्या, बेडखालून मारल्या. सगळी नावं घेतली. बाबू म्हटलं, राजा म्हटलं, माझ्या वडिलांचं नाव घेतलं. टीव्हीवर जाहिरात लागली तर पळत आला. माझ्या हाकेला नाही आला."

आत्यांनी सम्यकला घेतलं आणि म्हणाल्या, आत या, वाल अर्धवट टाकून गेलात त्या दिवशी. तेव्हा ते रडता रडता हसले आणि चपला काढून आत आले. मग सगळं सांगितलं. मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. त्यांनी कान तपासायला सांगितलं आणि ठाण्याला, मुलांच्या वाढीची नीट तपासणी करतात अशा ठिकाणी पाठवलं. तिथे विचारतात, दिवसभर कसा वागतो, जेवताना काय करतो, इतर मुलांत कसा. "मला काय येतंय सांगायला," बाबा म्हणाले, "मी तर त्याला हेल्मेट घालूनच बघतो. तुम्ही याल का?"

आत्या गेल्या. ठेवणीतली नारळी साडी, पिशवीत सम्यकची आवडती झाकणं, आणि तिथल्या बाई रिकाम्या बसू नयेत म्हणून सोलायच्या शेंगा. पाळणाघर माझ्यावर टाकून त्या तिघांबरोबर ठाण्याला गेल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा चेहरा उतरलेला. मला वाटलं काहीतरी वाईट कळलं. पण तपासणी एका दिवसात व्हायची नव्हतीच. कान चांगले होते. आत्यांना लागलं होतं ते वेगळंच.

तिथल्या बाई सम्यकसमोर बसून खेळत होत्या. मध्येच त्याने नुसता ओठांवरून हात फिरवला. आत्यांनी कोपऱ्यातून झेप घेऊन पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली. त्या बाईंनी विचारलं, त्याला तहान लागली हे तुम्हाला कसं कळलं? मला कळतं, असं आत्यांनी झोकात सांगितलं. मग त्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, मग त्याने कशाला सांगायचं?

बाईंनी पुढे स्पष्ट केलं, की हे असं तुमच्यामुळे झालेलं नाही, तसं मनात आणू नका. तुम्ही पाहिलंत म्हणून तर तो इथे आला. पण आता त्याला मागायला शिकवायचं तर मागायची गरज पडू द्या. द्यायच्या आधी थांबा, त्याच्या समोर बसा, त्याच्या चेहऱ्याकडे बघा आणि वाट बघा. आत्यांनी मला हे सगळं सांगितलं आणि खुर्चीत बसून राहिल्या. आयुष्यभर ज्या गोष्टीचा तोरा मिरवला, तीच आता करायची नाही.

पुढचे महिने त्या पाळणाघरात जो तमाशा झाला तो मी जन्मात विसरणार नाही. आत्यांना थांबायला सांगणं म्हणजे दूध उतू जाताना बघत राहा असं सांगणं. सम्यकसमोर वाटी घेऊन बसायच्या, हात आपोआप पुढे जायचा, मग स्वतःलाच मोठ्याने म्हणायच्या, थांब. पुन्हा हात सुटायचा, पुन्हा थांब. शेवटी त्या स्वतःच्या हातांवर बसायला लागल्या, म्हणजे खरोखरच मांडीखाली हात घालून. मुलांना हा खेळ फार आवडला. आत्यांचा हात हलला की सगळी ओरडायची, थांब. इतकंच नव्हे, सम्यकसाठी थांबायच्या नादात त्या बाकीच्यांसाठीही थांबायला लागल्या आणि आमच्याकडे इतक्या वर्षांत पहिल्यांदा मुलं मोठ्याने रडली. वरच्या बाई काळजीने खाली आल्या. आत्यांनी त्यांच्यापुढे गवार सरकवली.

नाव शोधायचा खेळ आत्यांनी सम्यकपुरता बंद केला. त्याला आधी त्याचं एक नाव मिळू दे, म्हणाल्या. आता त्या त्याच्या समोर गुडघे मोडून बसायच्या, कण्हत, आणि त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन फक्त सम्यक म्हणायच्या. ठाण्याच्या बाई जे जे सांगतील ते आम्ही सगळे करायचो, आई घरी, बाबा घरी, आम्ही इथे. बाबांनी पाळी बदलून घेतली. शनिवारी ते स्वतः सतरंजीवर बसून काहीतरी सोलायचे आणि मुलाला बघायचे, हेल्मेट बाहेर चपलांपाशी ठेवून. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी एक नाव दिलं. मी ते इथे लिहीत नाही. ते त्याचं आणि त्याच्या घरचं आहे, सांगायचं तेव्हा ते सांगतील.

हळूहळू गोष्टी हलल्या. एकदा त्याने वाटीऐवजी आत्यांच्या तोंडाकडे बघितलं, पापणी लवेल एवढाच वेळ. एकदा रिकामी वाटी आपणहून आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. काही दिवस सगळं मागे गेल्यासारखं वाटायचं, आत्या चिडचिडायच्या, मग पुन्हा एखादी बारीकशी गोष्ट व्हायची. आज सम्यक शाळेत जातो. त्याला मदत लागते, त्याच्या शाळेत एक ताई त्याच्याबरोबर असते, आणि गाण्याच्या तासाला मात्र कोणाचीच लागत नाही. आत्यांनी गुडघ्यांपायी पाळणाघर बंद केलं, पण महिन्यातून एकदा रिक्षा करून माझ्याकडे टिटवाळ्याला येतात, माझ्या मुलांना नावं ठेवतात, आणि घड्याळ पुरेसं मागे आहे ना ते बघतात.

पण मला सांगायची आहे ती एक दुपार. त्या दिवशी शिरा केलेला. ठाण्याच्या बाईंनी सांगितलेलं, सम्यकला आवडीचं खाणं थोडंसंच वाढा, म्हणजे तो आणखी मागेल. आत्यांनी त्याच्या वाटीत चमचाभर शिरा घातला. त्याने तो संपवला. आत्यांचा जीव कासावीस, हात मांडीखाली, थांब थांब चाललेलं. तो काही करेना. शेवटी त्यांना ते बघवेना, म्हणून त्या उठल्या आणि पातेलं घेऊन स्वयंपाकघराकडे निघाल्या.

मागून बारीक, जाडसर आवाज आला. "थांब."

मला वाटलं पावशेर असेल. पण पावशेरच्या तोंडात शिरा होता. सम्यक उभा राहिला होता, वाटी दोन्ही हातांत. तो आत्यांच्या पाठीकडे बघत होता. त्याने पुन्हा म्हटलं, थांब. आणि आत्या वळल्या.

त्या खाली बसल्या आणि पातेल्यातला सगळा शिरा त्याच्या वाटीत घातला, वाटीबाहेरही सांडला. मग कपाळावर हात मारून घेतला, अगं सगळाच दिला की मी, आता ठाण्याच्या बाई रागावतील. मी रडत होते, त्या रडत होत्या, मुलं शिऱ्याकडे बघत होती. तो असं का म्हणाला असेल, यावर आम्ही नंतर पुष्कळ बोललो. मी म्हटलं, तुम्ही जाऊ नये म्हणून थांबवलं असेल. आत्यांना ते पटलं नाही.

संध्याकाळी बाबा आले. आत्यांनी त्यांना चपलाही काढू दिल्या नाहीत, इतर आयांच्या देखत दारातच सांगितलं, आज त्याने मला हाक मारली. बाबा पायरीवर तसेच उभे राहिले. काय म्हणाला, त्यांनी विचारलं. आत्यांनी सांगितलं. बाबा गोंधळले. त्यांना वाटलं, मुलगा कोणाला तरी अडवत असेल.

"अडवत नव्हता," आत्या म्हणाल्या. "त्याच्यासमोर बसून मी दिवसभर तेच म्हणते, पोरं मला तेच ओरडतात, त्याला वाटलं हे माझंच नाव. माझं नाव ठेवलं त्याने. आणि मी वळले."